गरब्याच्या मैदानात सगळ्यांना सारखं ऐकू का येत नाही?

नवरात्र जवळ आली की वडोदऱ्यात दोन चर्चा ठरलेल्या: पास कितीला मिळाला, आणि तिथला साऊंड कसा आहे. दुसऱ्या प्रश्नावर दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत प्रत्येकाचं मत असतं, आणि एकाच मैदानावरून, एकाच रात्री, एकाच घरात परतलेल्या माणसांची मतंही जुळत नाहीत. मंचासमोर खेळून आलेली मुलगी म्हणते, कानात अजून शिट्टी वाजतेय. कडेला खुर्ची टाकून बसलेली तिची आजी म्हणते, नुसती धडधड ऐकू आली, गाण्याचा एक शब्द कळला नाही. पलीकडच्या टोकाला खेळलेला भाऊ सांगतो, प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येत होती, पाय चुकत होते.

तिघंही खरं बोलत असतात. तिघांच्याही तक्रारीमागे वेगवेगळं कारण आहे, आणि प्रत्येक कारणावर उपाय आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. वडोदऱ्याला या गरब्याचा विशेष अभिमान आहे, कारण इथे मोठ्या मैदानांवर गायक-वादक प्रत्यक्ष गातात, वाजवतात आणि हजारो लोक गोलात खेळतात. ज्या शहरात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये संगीतशाळा काढली, ज्या दरबारात फैयाझ खाँसाहेब गायले, तिथे गायकाचे शब्द मैदानाच्या कडेपर्यंत पोचू नयेत, ही मला छोटी तक्रार वाटत नाही. शब्द कळत नसतील तर गरब्यातली आराधना निघून जाते आणि व्यायाम उरतो.

आवाज मोठा करणं आणि आवाज पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मैदानावर बहुतेक वेळा पहिलं केलं जातं आणि दुसरं आपोआप झालं असं धरलं जातं.

अंतर दुप्पट, आवाज सहा डेसिबल कमी

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप सरळ चढत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. पण ते दहा डेसिबल मिळवायला दहापट शक्ती लागते. एक हजार वॉटच्या जागी दहा हजार वॉट ओतले तरी ऐकणारा म्हणणार, हां, दुप्पट झाला.

मोकळ्या मैदानात स्पीकरच्या पेटीतून निघालेला आवाज पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की तीच ऊर्जा चौपट जागेवर वाटली जाते आणि पातळी सहा डेसिबलने उतरते. पेटीपासून पाच मीटरवर ११० डेसिबल असतील तर दहा मीटरवर १०४, वीसवर ९८, चाळीसवर ९२ आणि ऐंशी मीटरवर ८६. म्हणजे पुढच्या आणि मागच्या माणसात चोवीस डेसिबलचा फरक पडला. नवलखी मैदानासारख्या जागेत ऐंशी मीटर हे काही फार मोठं अंतर नाही.

मग आवाज वाढवला की झालं ना?

मैदानावर हाच उपाय सर्वांत आधी सुचतो. स्वयंसेवक धावत कन्सोलपाशी, म्हणजे साऊंडवाले आवाज जुळवतात त्या मिक्सरच्या टेबलापाशी, येतो: "भाई, मागे काही ऐकू येत नाही म्हणतायत, थोडा वाढवा ना." भाई वाढवतात. मागच्यांना ८६ ऐवजी ९६ मिळावेत म्हणून दहा डेसिबल वाढवले, तर पुढच्यांचे ११० चे १२० होतात. १२० डेसिबल ही कान दुखू लागण्याच्या आसपासची पातळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जो मानदंड दिला, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. मंचासमोर खेळणारी बहुतेक मुलं पंधरा-वीस वर्षांची असतात, आणि आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशी अशा आवाजाने मरतात त्या पुन्हा येत नाहीत. मागच्यांच्या सोयीसाठी पुढच्यांचे कान खर्ची घालणं मला मान्य नाही, आणि त्याची गरजही नाही.

सर्वांत स्वस्त उपाय उंचीचा आहे. जमिनीवर ठेवलेल्या पेटीपासून पुढचा माणूस पाच मीटरवर आणि मागचा ऐंशी मीटरवर असतो, म्हणजे सोळापट अंतर. तीच पेटी आठ मीटर उंच टांगली तर पुढच्याच्या कानापासून ती तिरकस अंतराने आठ मीटरच्या वर जाते. मागच्याला मात्र जवळजवळ तेवढीच, ऐंशी मीटर. सोळापट होतं ते दहापटीच्या आत आलं आणि चोवीसचा फरक वीस डेसिबलवर उतरला. शिवाय पेटीचं तोंड मागच्यांकडे रोखलं की पुढच्यांना कडेचा, सौम्य आवाज मिळतो, त्यामुळे फरक आणखी घटतो. यात नवी पेटी आली नाही की जास्त वॉटही लागले नाहीत. तरीही पेट्या जमिनीवर मांडून एकावर एक चढवलेल्या दिसतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. उंच टांगायला मजबूत ट्रस, म्हणजे धातूचा सांगाडा, आणि जाणकार माणूस लागतो, हे खरं. तिथे काटकसर करू नये, कारण खाली माणसं असतात.

शब्द हरवतात, धडधड उरते

आता आजीची तक्रार. आवाज तिच्यापर्यंत पोचत होता, तरी शब्द कळत नव्हते. हे कसं?

कोणताही आवाज म्हणजे हवेची कंपनं. सेकंदाला किती कंपनं, हे हर्ट्झमध्ये सांगतात. ढोलाची घुमक शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा खाली असते. गाणाऱ्याच्या स्वरांचा, म्हणजे 'आ', 'ओ' यांचा मुख्य जोर हजार हर्ट्झच्या खाली असतो. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. 'स', 'श', 'त', 'क', 'च' यांची धार साधारण दोन हजार ते आठ हजार हर्ट्झमध्ये असते आणि तिच्यात ताकद फार थोडी असते. हा नाजूक भाग दोन ठिकाणी मारला जातो.

पहिली जागा म्हणजे हवा. हवा उंच कंपनं शोषून घेते. वीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता असेल तर आठ हजार हर्ट्झचा आवाज शंभर मीटरमध्ये अंतरामुळे उतरतो त्याशिवाय आणखी सुमारे दहा डेसिबल गमावतो. शंभर हर्ट्झच्या घुमकेला हवा जवळजवळ काहीच करत नाही.

दुसरी जागा म्हणजे माणसं. चार हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर असते, तिला माणसाचं डोकं सहज अडवतं. साठ हर्ट्झची लहर जवळजवळ सहा मीटर लांब असते. ती माणसांना वळसा घालून, भिंतींतूनही पुढे जाते. म्हणून खाली ठेवलेल्या पेटीचे शब्द पहिल्या काही रांगांतल्या अंगांत जिरतात आणि आजीपर्यंत फक्त धडधड येते. घरी खिडक्या लावून बसलेल्या शेजाऱ्यालाही तीच ऐकू येते.

मिक्सरवर उंच सूर वाढवले तर मागच्यांना शब्द कळतील खरे, पण पुढच्यांच्या कानांत ते टोचतील. मागच्यांसाठी वेगळी दुरुस्ती करायची असेल तर मागच्यांसाठी वेगळी पेटी हवी.

पंगतीला वाढपी किती?

दोनशे माणसांच्या पंगतीत कुणी दारात उभं राहून आमटी फेकत नाही. वाढपी नेमतात, प्रत्येकाला आपली रांग वाटून देतात, आणि एका पानावर दोघांनी दोनदा वाढू नये याची काळजी घेतात. मैदानावरच्या ध्वनियोजनेचं सगळं शास्त्र या तीन गोष्टींत येतं: जागा वाटून घ्यायची, प्रत्येक पेटीला तिचाच भाग द्यायचा, आणि एकाच कानावर दोन पेट्यांची गर्दी होऊ द्यायची नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. दोन पेट्यांतून तोच आवाज थोड्या अंतराने पोचला तर काही कंपनं एकमेकांना बळ देतात आणि काही एकमेकांना मारतात. एक मीटरचा फरक पडला तर साधारण १७४ हर्ट्झवर दोन्ही लहरी उलट्या पडतात, मग त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांवरही तेच. चालताना आवाज पोकळ होतो, पुन्हा भरतो, पुन्हा पोकळ होतो, हे ज्यांनी मैदानात अनुभवलं असेल त्यांनी दोन पेट्यांचं हे भांडण ऐकलेलं आहे. स्पीकर वाढवले की आवाज सुधारतो, हा समज इथे मोडतो. भाग न वाटता दुप्पट पेट्या लावल्या तर गोंधळच वाढतो.

लाइन अ‍ॅरे म्हणजे काय, आणि काय नाही

मोठ्या कार्यक्रमांत मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखी वाकलेली पेट्यांची माळ टांगलेली दिसते, ती लाइन अ‍ॅरे. पेट्या एकीखाली एक अशा जोडतात की सगळ्यांच्या लहरी मिळून एकच लांब, उभी लहर तयार व्हावी. कल्पना जुनी आहे. पण उंच कंपनांनाही ती लागू पडेल अशी रचना फ्रान्सच्या क्रिश्चन हील यांनी एल-अकूस्टिक्स या आपल्या कंपनीत बसवली आणि १९९२ मध्ये व्ही-डॉस्क नावाने बाजारात आणली. आज जगभरचे मोठे कार्यक्रम याच पद्धतीवर चालतात.

अशा माळेजवळच्या पट्ट्यात अंतर दुप्पट झालं तर सहाऐवजी सुमारे तीनच डेसिबल कमी होतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोन. वरच्या पेट्या जवळजवळ सरळ ठेवून लांबच्यांसाठी राखतात, खालच्या वाकवून जवळच्यांसाठी. मैदानाचं माप, मंचाची उंची आणि शेवटच्या माणसाचं अंतर संगणकात भरून प्रत्येक पेटीचा कोन अंशात काढतात आणि तेवढाच ठेवतात. कोन अंदाजाने लावलेली महागडी माळ नीट रोखलेल्या साध्या पेट्यांपेक्षा वाईट वाजू शकते.

माळेचा गुण तिच्या लांबीवर अवलंबून असतो. जी लहर माळेपेक्षा लांब, तिच्यावर माळेचा ताबा चालत नाही. शंभर हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या आसपास असते. चार लहान पेट्यांची माळ भरते जेमतेम सव्वा मीटर. ती उंच सुरांवर काम करेल, खालच्यांवर नाही. कोटेशनमध्ये 'लाइन अ‍ॅरे' लिहिलं आहे म्हणून निश्चिंत होण्याआधी मंडळाने विचारावं: किती पेट्या, किती उंचीवर, आणि कोन कुणी काढले?

एक टाळी दोनदा का ऐकू येते

ध्वनी फार वेगवान नाही. नवरात्रीतल्या सत्तावीस अंशांच्या रात्री तो सेकंदाला सुमारे ३४७ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद, शंभर मीटरला सुमारे २८८ मिलिसेकंद. तारेतून जाणारा सिग्नल मात्र क्षणात पोचतो.

समजा, मंचापासून साठ मीटरवर मागच्यांसाठी पेट्यांचा एक टॉवर उभारला आणि तार जोडली. टॉवरचा ठोका तिथल्या माणसाला लगेच ऐकू येतो. मंचावरच्या पेटीचा तोच ठोका १७३ मिलिसेकंदांनी येऊन धडकतो. भावाच्या दोन टाळ्या त्या याच.

उपाय असा की टॉवरकडे जाणारा सिग्नल तेवढाच वेळ रोखून धरायचा. म्हणून त्याला डिले टॉवर म्हणतात. आजकाल साध्या डिजिटल प्रोसेसरमध्येही ही सोय असते. आकडा भरायचा, झालं. जाणकार त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद आणखी घालतात. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवलं की तोच आवाज थोड्या अंतराने दोनदा आला तर कान दोन आवाज ऐकत नाही. जो आधी आला त्याच्या दिशेने सगळा आवाज येतोय असं त्याला वाटतं, मागून आलेला काहीसा मोठा असला तरीसुद्धा. ही सवलत साधारण तीस मिलिसेकंदांपर्यंत नीट चालते. ढोल, टाळी अशा टोकदार आवाजांना ती आणखी कमी मिळते. तर मंचाचा आवाज आधी आणि टॉवरचा किंचित नंतर आला की मागच्या माणसाला शब्द टॉवरमुळे स्पष्ट ऐकू येतात आणि गाणं मात्र मंचाकडूनच येतंय असं वाटतं. डोळे आणि कान एकाच दिशेला राहतात.

पण गरबा म्हणजे बसून ऐकायची मैफल नव्हे

इथे वडोदऱ्याचा प्रश्न इतर ठिकाणांहून वेगळा होतो, म्हणून जरा थांबतो.

बसून ऐकायच्या कार्यक्रमात मागच्याला गाणं पाव सेकंद उशिरा पोचलं तरी काही बिघडत नाही. त्याला कुणाबरोबर टाळी वाजवायची नसते. गरब्यात मात्र सगळं मैदान एका ठेक्यावर फिरत असतं. मिनिटाला १२० ठोके धरले तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो. ८७ मीटरवरच्या माणसाला ठोका बरोबर पाव सेकंद उशिरा पोचतो. म्हणजे मंचासमोरचे टाळी वाजवतात त्या वेळी पलीकडच्या टोकाचे दोन टाळ्यांच्या अगदी मधोमध असतात. दोघंही आपापल्या कानांशी प्रामाणिक, तरी मैदान दुभंगलेलं. गोल फिरत मंचापासून लांब गेलं की हा उशीर वाढतो, जवळ आलं की कमी होतो. पट्टीच्या खेळणाऱ्यालाही याने पाय सावरावे लागतात.

डिले टॉवर लावून हे सुटत नाही. त्याने टाळी दोनदा ऐकू येणं थांबतं, उशीर तसाच राहतो.

मग टॉवरना डिले देऊच नये, सगळे एकाच क्षणी वाजू द्यावेत? कल्पना वाटते तितकी वेडी नाही, अट एवढीच की टॉवर जवळजवळ आणि हळू आवाजाचे हवेत. दोन टॉवर साठ मीटरवर असतील आणि तुम्ही एकापासून वीस, दुसऱ्यापासून चाळीस मीटरवर असाल, तर दुसऱ्याचा ठोका ५८ मिलिसेकंद उशिरा येतो आणि फक्त सहा डेसिबल हळू असतो. तो वेगळा ऐकू येणारच. तेच टॉवर तीस मीटरवर आणले आणि तुम्ही त्याच प्रमाणात, दहा आणि वीस मीटरवर असाल, तर फरक २९ मिलिसेकंदांचा राहतो आणि कान बहुतेक तो पचवतो. एका टॉवरच्या अगदी जवळ गेलात तर दुसऱ्याचा उशीर वाढतो, पण तोवर त्याचा आवाजही पुष्कळ पडलेला असतो. म्हणजे मैदानभर पुष्कळ लहान टॉवर, प्रत्येकाचा आवाज बेताचा. खर्च आणि तारा वाढतात, खेळणाऱ्यांच्या वाटेत खांबही येतात.

मला सर्वांत पटणारी रचना याहून साधी आहे, आणि ती गरब्याच्या आकारातच दडलेली आहे. गरबा गोल असतो. मधोमध गरबी, म्हणजे देवीची मांडणी, भोवती फेऱ्या. पेट्याही मधोमध उंच टांगल्या आणि चारही दिशांना बाहेर तोंड करून थोड्या खाली झुकवल्या, तर एका फेरीतल्या प्रत्येकाचं पेटीपासूनचं अंतर सारखं राहतं. त्या फेरीला ठोका एकाच क्षणी पोचतो आणि पूर्ण गोल फिरलं तरी बदलत नाही. पन्नास मीटर त्रिज्येच्या मैदानात आतल्या आणि अगदी बाहेरच्या फेरीत जास्तीत जास्त १४४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. कडेला मंच असताना तोच २८८ पर्यंत जातो. शिवाय सर्वांत लांबचा माणूस शंभरऐवजी पन्नास मीटरवर आला, म्हणजे सहा डेसिबल आयतेच वाचले.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. गायक मंचावर कडेला असतील तर मैदानाचा आवाज त्यांच्याकडे उशिराने परत येतो आणि ताल धरणं कठीण होतं. त्यांना स्वतःचं गाणं-वाजवणं लगेच ऐकू यावं म्हणून कानात घालायचे मॉनिटर किंवा अगदी जवळ ठेवलेले मॉनिटर स्पीकर द्यावेच लागतात. मंचाकडे तोंड असलेल्या पेट्यांचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी होऊ नये म्हणून त्या बाजूचा आवाज उतरवून ठेवावा लागतो. आणि मैदानाच्या मधोमध भक्कम ट्रस उभा करायला आयोजकांची तयारी हवी.

शेजाऱ्यांनी काय पाप केलंय?

हा आक्षेप रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. वेळेत असतानाही मैदानाच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतला जो आकडा कमी असेल, त्याच्या वर जाता कामा नये. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. म्हणजे घरांना लागून असलेल्या मैदानाच्या हद्दीवर दिवसा ६५ आणि रात्री दहानंतर ५५. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं.

आवाज वाटून दिला तर हद्दीवरची पातळी उतरते, कारण एकाच पेटीने सगळं मैदान व्यापायची गरज राहत नाही. खरा त्रास होतो तो बेसचा, म्हणजे खालच्या सुरांच्या धडधडीचा. मंचाच्या दोन्ही बाजूंना बेसच्या पेट्यांचे ढीग रचले की दोघांची बेरीज मधल्या पट्ट्यात होते आणि तिथे छाती हादरते. थोडं बाजूला सरकलं की लहरी एकमेकींना मारतात आणि बेस नाहीसा होतो, आणखी सरकलं की पुन्हा येतो. साठ हर्ट्झचा बेस नाहीसा व्हायला दोन ढिगांपासूनच्या अंतरात तीन मीटरचा फरक पडला तरी पुरतो. त्याऐवजी बेसच्या पेट्या मंचासमोर एका ओळीत मांडल्या तर मैदानभर तो बराच सारखा मिळतो. आणि दर तीन पेट्यांत एकीचं तोंड मागे फिरवून तिचा सिग्नल उलटा करून नेमका डिले दिला, तर मागच्या बाजूला जाणारा बेस पुष्कळ घटतो. मंचाच्या पाठीमागे सोसायटी असेल तर ही मांडणी आयोजकांनी साऊंडवाल्यांकडे मागावीच. पेट्या त्याच, फक्त मांडणी वेगळी.

दुपारी जमवलं, रात्री बिघडलं

साऊंडवाले दुपारी तासन्‌तास खपून सगळं जुळवतात आणि रात्री तक्रारी येतात. दोष त्यांचा असतोच असं नाही. दुपारचे ३५ अंश रात्री २५ वर आले की ध्वनीचा वेग सेकंदाला सहा मीटरने कमी होतो. शंभर मीटरवरच्या टॉवरचा हिशेब पाच मिलिसेकंदांनी चुकतो. दुपारी तापलेल्या जमिनीमुळे आवाज वर वळतो. रात्री जमीन निवते, गार हवा खाली आणि तिच्यापेक्षा उबदार हवा वर राहते, तेव्हा तोच आवाज खाली वळून दूरच्या वस्त्यांपर्यंत जातो. लांबच्या वस्तीत काही रात्री गाणं शेजारी वाजल्यासारखं ऐकू येतं ते बहुधा यामुळे. वाऱ्याचा परिणामही असाच: वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे आवाज खाली वळतो, उलट दिशेला वर उडून जातो. म्हणून पहिला गरबा सुरू झाल्यावर, मैदान भरल्यावर, एका माणसाने मैदानात फिरून ऐकायचं आणि कन्सोलवरच्याला कळवायचं, ही सोय हवीच. कन्सोलपाशी उभं राहून फक्त कन्सोलपाशी कसं ऐकू येतं तेवढंच कळतं.

आमच्या सोसायटीला हे परवडेल का?

मला तर सोसायटीच्या चौकात हे जास्त सोपं वाटतं. साधारण चाळीस मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद चौक धरू. सहसा एका टोकाला दोन मोठ्या पेट्या आणि खाली दोन बेस ठेवतात. समोरच्या दोन घरांचं जगणं कठीण होतं आणि पलीकडच्या टोकाला शब्द पोचत नाहीत.

त्याऐवजी चार लहान पेट्या भाड्याने घ्या. मधल्या मांडवाच्या भक्कम खांबावर, चार मीटर उंचीवर, पाठीला पाठ लावून चारही दिशांना बांधा आणि तोंडं खाली झुकवा. झुकवल्यामुळे आवाज वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत न जाता खेळणाऱ्यांवर पडतो. चौकाच्या लांब टोकापर्यंत अंतर वीस मीटर, म्हणजे ठोक्याला साठ मिलिसेकंदांच्या आतला उशीर. डिलेची भानगडच नको. बेस एकच, तोही खांबाच्या पायथ्याशी, आणि गाण्याच्या वर कधीच नाही. गायक-वादक खांबाजवळ बसले तर फारच चांगलं. मात्र त्यांचे माइक पेट्यांच्या बरोबर खाली, तोंडांच्या मागे राहतील असे ठेवा, म्हणजे शिट्टी होणार नाही.

जुळवताना ढोल आणि कीबोर्ड बंद ठेवून फक्त गायकाचा माइक चालू करा. तो एक गरबा पूर्ण म्हणेल तोवर एकाने सर्वांत बाहेरच्या फेरीच्या जागेवरून पूर्ण गोल चालावं. जिथे शब्द तुटेल तिथे मिक्सरला हात न लावता आधी त्या बाजूच्या पेटीचं तोंड थोडं वर किंवा खाली करा आणि पुन्हा ऐका. चारही बाजूंना शब्द सारखे आले की मग ढोल सुरू करा, आणि बाहेरच्या फेरीत शब्द झाकले जायच्या आधी थांबा.